अळणी समुद्र

१

बेंबळीच्या दगडाबाईंच्या देवघरात वर्षभर जपून ठेवलेला समुद्र अळणी निघाला.

समुद्र म्हणजे पाच लिटरचा निळा कॅन. बेंबळीहून कुठल्याही दिशेला निघा, दिवसभर गाडी हाणल्याशिवाय समुद्र काही दिसायचा नाही. गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांनी तो टीव्हीतच पाहिलेला. दगडाबाईंची मात्र दर सर्वपित्रीला समुद्राच्या पाण्यानं अंघोळ व्हायची, कारण त्यांचा लेक बलभीम ट्रक चालवायचा. पनवेलपासून पार कन्याकुमारीपर्यंत कोकण, गोवा, कर्नाटक, केरळ असे मुलूख किनाऱ्याकिनाऱ्यानं ओवत जाणारा जो हमरस्ता आहे, त्यावरून तो सहा वर्षं धाराशिवची तूरडाळ नेत होता. माय एवढ्या लांब यायची नाही, तर समुद्रालाच मायकडं न्यायचं, असा त्याचा सरळ विचार. तो परत आला की दगडाबाई आधी त्यातलं पळीभर पाणी तीर्थ म्हणून तोंडात घ्यायच्या, तोंड वेडंवाकडं करून थुंकायच्या आणि म्हणायच्या, "काय बाई ह्यो देव! एवढा मोठा आन् एवढा कडूजहर!"

गेल्या वर्षी पोळा होऊन आठ दिवस झाले आणि बलभीमची बातमी आली. कर्नाटकात, होन्नावरच्या अलीकडं, पहाटे रस्त्यालगतच्या खडकांवर तो कॅन भरायला उतरला आणि लाटेनं त्याला ओढून नेलं. तिसऱ्या दिवशी प्रेत मिळालं. भरलेला कॅन खडकावर जसाच्या तसा होता. जोडीच्या ड्रायव्हरनं तो घरी आणून दिला.

लोकांच्या तोंडाला हात कोण लावणार? "म्हातारीच्या हौसेपायी पोरगं गेलं," असं बाया गिरणीत दळण ठेवता ठेवता बोलायच्या, आणि मुद्दाम ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं बोलायच्या. दगडाबाईंनी कुणालाच उलट उत्तर दिलं नाही. त्यांनी मीठ सोडलं. भाकरीत नाही, भाजीत नाही, आमटीत नाही. "ज्या खाऱ्या पान्यानं माझं लेकरू खाल्लं, ते माझ्या जिभंवर नको," एवढंच म्हणाल्या. वर्षभरात अंगावरचं मांस झडलं, चोळीच्या बाह्या लोंबायला लागल्या. असंच चाललं तर आजी येती दिवाळी बघणार नाहीत, असं डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं. बलभीमची धाकटी बहीण दैवशाला हिनं रडून पाहिलं, भांडून पाहिलं. म्हातारी बधली नाही.

दैवशाला एसटीत कंडक्टर होती. नवऱ्याशी काडीमोड होऊन सात वर्षं झालेली. जीभ तिखट आणि डोळा त्याहून तिखट. मिसरूड फुटलेल्या पोराला मांडीवर घेऊन अर्धं तिकीट मागणारे बाप तिला रोज भेटायचे, त्यामुळं खोटं बोलणारा माणूस कुठं अडखळतो हे तिला पाठ झालं होतं.

वर्षश्राद्धाला बारा दिवस उरले असताना तो कॅन बुडाशी तडकला. पाणी पाझरून देवघरभर पसरलं होतं आणि कडेकडेनं वाळलंही होतं. दैवशाला फडकं घेऊन वाकली आणि तशीच थबकली. कोपऱ्यातल्या शहाबादी फरशीवर जुन्या कॅनच्या बुडांची पांढरी वर्तुळं होती, सहा वर्षांची, घासून घासून न गेलेली. आजचं पाणी वाळलं होतं तिथं फरशी मात्र जवळजवळ काळीच होती.

तिनं बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. तोंड वाकडं झालं नाही. आमटीला असावं तेवढं मीठ. अगदी चवीपुरतं.

हे पाणी समुद्राचं नव्हतं. मग समुद्राचं पाणी भरता भरता गेलेला तिचा भाऊ त्या पहाटे होता कुठं?

२

उरलेलं पाणी तिनं काचेच्या बाटलीत भरून ट्रंकेत ठेवलं आणि मायला सांगितलं, "कॅन फुटला, पाणी वाया गेलं." अर्धीमुर्धी गोष्ट सांगून म्हातारीला आणखी पोखरायचं नव्हतं. रडू आलं नाही तिला. वर्षभर पुरेसं रडून झालं होतं. आता आला तो राग, आणि तो असा की भाकरी थापताना परात फुटेल की काय असं वाटावं. आपल्या मायला वर्षभर कुणीतरी खुनी बनवून ठेवलं होतं. त्याचं नाव कळल्याशिवाय दैवशालाला घास गोड लागणार नव्हता.

त्या खेपेशी तिघांचा संबंध होता. येडशीचा अमरसिंह, ट्रकचा मालक. प्रेत त्यानंच आणलं. मुरूमचा रुद्रेश, डाळीचा व्यापारी. माल त्याचा आणि तो केबिनमध्ये सोबत होता. आणि ईटचा कृष्णराज, त्या खेपेला पहिल्यांदाच सोबत गेलेला जोडीचा ड्रायव्हर; बलभीमच्या मागं त्यानं समुद्रात उडी टाकली, मरता मरता वाचला, गावानं त्याला नारळ देऊन सत्कार केला.

पहिल्याच सुट्टीला ती येडशीला गेली. अमरसिंह साठीचा, तरुणपणी त्यानंही त्याच किनारी रस्त्यावर ट्रक हाकलेला. लिंबाखाली बाज टाकून बसला होता.

"दादा, ट्रक महिन्याच्या आत का विकला?" चहा हातात यायच्या आत तिनं विचारलं.

"बस तर खरं, पोरी! एकबी डायवर त्या गाडीत बसंना. अपशकुनी म्हनत व्हते. ठिवून काय, रोज आरती करू?"

"गाडी कुठं किती थांबली ते कळतं ना तुम्हाला?"

"सगळ्या गाड्यांना यंत्र हाय. त्या खेपंचा कागद म्या जपून ठिवलाय. कुनी मागितला न्हाय, म्या फेकला न्हाय." त्यानं आतून घडी पडलेला कागद आणला.

दैवशालानं बोट धरून वाचला. पहाटे पाच वाजून वीस मिनिटांनी ट्रक खाडीवरच्या लांब पुलावर सात मिनिटं उभा होता. मग तीन किलोमीटर पुढं, खडकांपाशी, दुपारपर्यंत.

"पुलावर कशाला थांबली?"

"कृष्णराजला इच्यारलं की. टायर ठोकून बघितला म्हनला. पुलावर गाडी लावू नये, पर टायरची शंका आली तर डायवर थांबतोच."

"आणि भाऊ सापडला कुठं?"

अमरसिंहनं मान खाली घातली. "खाडीच्या तोंडाशी, कोळ्यांच्या जाळ्यात. खडकापसून लांब. पानी मानसाला कुठल्या कुठं नेतं, बाई."

"तिथल्या पोलिसांत जबाब कुणी दिला?"

"समदं बोलनं रुद्रेश शेटनं केलं. कानडी त्यालाच येतंय. आमाला सही म्हनले, आमी ठोकली सही."

दैवशालाचा हात कागदावरच थांबला. म्हणजे बलभीमच्या मरणाची जी गोष्ट सगळ्या जगाला ठाऊक होती, ती एकाच माणसाच्या तोंडून निघाली होती. आणि तोच माणूस ना दहाव्याला आला होता, ना तेराव्याला.

३

मुरूमला रुद्रेशच्या ओसरीवर ती पोचली तेव्हा तो नुकताच पूजा करून उठला होता. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंग, आणि तिला पाहताच उतरलेलं तोंड. त्याची बायको नीलम्मा पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि दारातच उभी राहिली.

"तुम्ही कधीतरी येणार हे माहीत होतं, अक्का," रुद्रेश म्हणाला.

"मग तुम्हीच का नाही आलात? वर्ष झालं. येडशीच्या मालकाला माझ्या मायचं दार सापडलं, तुम्हाला नाही सापडलं?"

"कुठल्या तोंडानं येऊ? तो बुडत होता तेव्हा मी केबिनमधे झोपलो होतो." त्यानं गळ्यातलं लिंग मुठीत धरलं. "कृष्णराजच्या बोंबलण्यानं जाग आली. खाली उतरलो तर तो डोक्यापासून पायापर्यंत भिजलेला, खडकावर बसून ऊर बडवतोय. शेजारी भरलेला कॅन. बलभीम गेला म्हणाला. त्यानं जे सांगितलं, ते मी पोलिसांना कानडीत सांगितलं. माझ्या पदरचं एक अक्षर नाही. शिवाची शपथ."

"आणि तुम्ही काय केलं?"

"पाण्यात उतरलो. छातीएवढ्या पाण्यात दोन तास. लाट डोक्यावरनं जायची. काही हाताला लागलं नाही."

"खोटं न्हाय, अक्का," नीलम्मा मधेच बोलली. "ह्यांची प्यांट घरी आली ती पापडावानी कडक, पांढरी फटक. चार पान्यानं धुतली, खार जाईना. टाकून दिली शेवटी."

दैवशालानं दारातल्या बाईकडं पाहिलं. देवघरातली पांढरी वर्तुळं तिला आठवली. तिनं हळूच विचारलं, "आणि कृष्णराजचे कपडे?"

रुद्रेशनं आठवून पाहिलं. "काळा शर्ट. प्रेत सापडेपर्यंत तोच अंगात होता त्याच्या. दोन दिवस शेजारी शेजारी पडून होतो आम्ही. मी सगळा पांढरा, तो तसाच काळाभोर. मी म्हणालोसुद्धा, तुझ्या अंगाला समुद्रपण चिकटत नाही रे, गड्या."

दैवशाला पुढं सरकून बसली.

"शेट, त्या आधी गाडी पुलावर थांबली होती. काही आठवतं?"

"झोपेत होतो मी. पण..." तो बायकोकडं बघायला लागला. तिनं मान हलवली, सांगा म्हणून. "दोघांचे आवाज चढले होते. स्वप्न असेल म्हणून मी कुणाला बोललो नाही. शब्द कळले नाहीत, अक्का. एक नाव तेवढं कळलं."

"कुणाचं?"

"तुमचं."

४

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं तिकीट काढायला विसरली.

कृष्णराजनं तिला मागणी घातली होती, दोन वर्षांपूर्वी. बलभीमनं तोंडावर नकार दिला होता. "मैतर हाय, जिवाला जीव दीन," तो घरी येऊन म्हणाला होता, "पर पिऊन ष्टेरिंग धरतो. एक नवरा तुला बघून दिला तो तसला निघाला. पुन्यांदा न्हाय."

बलभीम गेल्यावर कृष्णराज दर अमावस्येला घरी यायला लागला. मावशी मावशी करत दगडाबाईंसाठी केळी आणायचा, पत्रे ठोकून द्यायचा, बलभीमची आठवण काढून डोळे पुसायचा. दारू सुटली म्हणायचा. दगडाबाई विरघळल्या. "बुडत्यामागं उडी टाकनारं पोर हाय. वर्षसराध झालं की काय ते ठरीव," असं लेकीला म्हणाल्या. आणि दैवशालानं मनातल्या मनात हो म्हणून टाकलं होतं! ते आठवलं आणि तिला स्वतःचीच शिसारी आली.

ती घरी पोचली तर तो ओट्यावर जेवायला बसलेला. आज अमावस्या नव्हती, पण दिवस जवळ आले होते, उत्तराची घाई असणार. दगडाबाईंनी त्याच्यासाठी मीठ घालून वेगळी आमटी केली होती.

दैवशाला समोर बसली. आवाजात साखर घातली. "कृष्णराज, श्राद्धाला लोक विचारतील. तुम्ही एकदा नीट सांगा बरं, काय झालं होतं."

"किती येळा सांगू? कॅन भरून ठिवला त्यानं, पाय धुवाया परत गेला. लाट आली. म्या म्हागं उडी टाकली. नाकातोंडात खारं पानी गेलं, दोन घोट पोटात उतरले. लाटंनंच म्हागं फेकलं, न्हायतर म्याबी गेलो आसतो."

"त्या आधी कधी समुद्रात उतरला होतात?"

"समुद्र बघितलाच पयल्यांदा. आमी हैदराबाद रोडचे गडी. आन् पुन्हा तिकडं जायचं न्हाय, देवानं बोलावलं तरी."

"आणखी आमटी वाढू?"

"वाढ."

"मीठ बरोबर झालंय का? माय चाखत नाही."

त्यानं भुरका मारला. "एकदम बेस."

विळी तिच्या हाताशी होती. ती उचलून त्याच्या मानेवर घालावी, असं तिला वाटलं. वाटलं म्हणजे हात खरोखरच तिकडं गेला. पण विळीनं एकच माणूस मेला असता आणि मायच्या कपाळावरचा डाग तसाच राहिला असता. ज्या गावासमोर तो लागला, त्या गावासमोरच तो पुसायला हवा होता. तिनं हात पदराला पुसला आणि गोड हसून म्हणाली, "श्राद्धाला या हं. उत्तर त्याच दिवशी देते."

तो गेल्यावर तिनं मांडणीवरून एकसारखे तीन तांबे काढले आणि चिंच लावून लख्ख घासले.

५

वर्षश्राद्धाला अंगणात मांडव भरला. भावकी आली, गिरणीतल्या बाया आल्या, ठाण्यातल्या हवालदारांना दैवशालानं स्वतः जाऊन जेवायचं आवतण दिलं होतं. रुद्रेश नीलम्मासोबत आला आणि दगडाबाईंच्या पायांवर डोकं ठेवून उठेचना.

पिंडदान झालं. पानं मांडायच्या आधी दैवशाला मधे उभी राहिली. "सगळ्यांनी जरा ऐका. मायला आज समुद्राच्या पाण्यानं न्हाऊ घालायचं होतं. कॅन फुटला. आता एवढ्या लांब कोण जाणार? पण ज्यांनी तो समुद्र अंगावर घेतलाय असे तिघं आज इथं आहेत. स्वयंपाकघरात पाण्याचे तीन तांबे आणि परातभर मीठ ठेवलंय. एकेकानं आत जायचं आणि आपापला तांब्या समुद्राएवढा खारा करून आणायचा. तिन्हीचं तीर्थ करून मी बादलीत घालते."

"खुळी हायेस का?" अमरसिंह म्हणाला, पण उठला. म्हातारीसाठी कुणीही उठला असता. तो आत गेला आणि तांब्या घेऊन आला. मग रुद्रेश. मग कृष्णराज, तो सगळ्यांकडं बघून, छाती पुढं काढून गेला. कुणी कुणाचं बघितलं नाही. आत कोपऱ्यात तांदूळ निवडत बसलेल्या नीलम्मानं तेवढं तिघांचं बघितलं.

तिन्ही तांबे दगडाबाईंसमोर आले. दैवशाला खाली बसली आणि मायचा हात हातात घेतला. "माय, तू मीठ सोडलंस. आज बलभीमसाठी एकदाच जिभेला लाव. सहा वर्षं त्याचा समुद्र तू चाखलास. खरा कुठला ते तूच सांगू शकतेस, दुसरं कुणी नाही."

म्हातारी बराच वेळ लेकीच्या डोळ्यांत बघत राहिली. मग तिनं पळी उचलली.

पहिला तांब्या अमरसिंहचा. पाणी तोंडात जाताच दगडाबाईंचं तोंड वेडंवाकडं झालं, त्या बाजूला थुंकल्या. "ह्योच," त्या पुटपुटल्या, आणि डोळ्यांतून पाणी आलं. "ह्योच माझ्या बल्ल्याचा."

दुसरा रुद्रेशचा. तसंच झालं. "ह्योबी."

तिसरा. दगडाबाईंनी घोट घेतला, थांबल्या. तोंड वाकडं झालं नाही. घोट गिळला. "ही तर आमटी हाय गं," त्या म्हणाल्या.

मांडवात दोघं-तिघं हसले. कृष्णराजही हसला.

दैवशालानं पदराआडून काचेची बाटली काढली आणि चौथी पळी भरली. "आता ही."

"आन् हीबी तीच. चवीला तेवढीच." दगडाबाई गोंधळल्या. "ही कशातली?"

"कृष्णराजनं आणलेल्या कॅनमधली, माय. वर्षभर आपण जिला हळदकुंकू वाहिलं ती."

हसणाऱ्यांच्या माना कृष्णराजकडं वळल्या.

"नीलम्मावहिनी, तुम्ही बघितलंत. कुणी किती मीठ टाकलं?" दैवशालानं विचारलं.

"मालकांनी मूठभर. ह्यांनी मूठभर, वर आन् थोडं," नीलम्मा म्हणाली. "ह्या तिसऱ्यांनी दोन चिमटी टाकल्या, बोटानं ढवळलं, इच्यार केला आन् आनखी एक चिमूट."

कृष्णराज उठून उभा राहिला. "मावशी, हे काय नाटक हाय? जीव जायची येळ व्हती! घाबरलेल्या मानसाला चव कळती व्हय?"

"नसेल कळली," दैवशाला म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, म्हणून तो ऐकायला जास्त भीती वाटत होती. "तुझ्या जिभेला नसेल कळली, पण शर्टाला तरी कळली असती. रुद्रेश शेट पाण्यात उतरले, त्यांची पँट खारानं पांढरी फटक झाली. तू म्हणे पार बुडून वर आलास, आणि दोन दिवस तुझा काळा शर्ट काळाच. तू समुद्रात उतरलाच नाहीस. तू पिण्याच्या पाण्यानं भिजलास, ट्रकमधल्या."

"कायबी बोलू नको."

"मालक, तो कागद दाखवा. खडकांपाशी यायच्या आधी गाडी सात मिनिटं खाडीच्या पुलावर होती. माझा भाऊ सापडला तो खडकांजवळ नाही, खाडीच्या तोंडाशी. जिथं पडला तिथून पाणी त्याला तिकडंच नेणार. पुलावर भांडण झालं, माझ्या नावावरून. शेटनी झोपेत ऐकलं. तू त्याला ढकललास, गाडी तीन किलोमीटर पुढं आणलीस. आता गोष्ट हवी होती. मायला समुद्राचं पाणी लागतं हे तुला ठाऊक होतं. पण हैदराबाद रोडचा गडी तू, पोहता येत नाही, पावसाळी लाटा बघून खाली उतरायची छाती झाली नाही. मग पिण्याच्या पाण्यानं कॅन भरलास आणि केबिनमधल्या डब्यातलं मीठ घातलंस. समुद्र खारट असतो, एवढंच ऐकून होतास. स्वयंपाकात घालतात तसं घातलंस."

ती दोन पावलं पुढं गेली. "रिकामा कॅन आणला असतास तर सुटला असतास रे. कुणी विचारलं नसतं. पण तुला मायच्या हातात भरलेला कॅन द्यायचा होता, म्हणजे ह्या घराचं दार तुला उघडं राहील. जास्तीचा शहाणपणा नडला तुला."

कृष्णराजनं मांडवाच्या दाराकडं पाहिलं. तिथं अमरसिंह उभा होता आणि त्याच्या मागं हवालदार. कृष्णराज दगडाबाईंकडं वळला. "मावशी, तुमी तरी..."

दगडाबाई भिंत धरून उठल्या. वर्षभरात त्यांना कुणी एवढं ताठ उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं. त्यांनी एकच विचारलं. "पडल्यावर त्यानं हाक मारली का रं?"

कृष्णराज मटकन खाली बसला. "प्यालो व्हतो म्या. ष्टेरिंगवरनं उतर म्हनला. आन् म्हनला, ह्याच्यासाठीच तुला बहीन दिली न्हाय. म्या निस्ता धक्का दिला, मावशी. कठडा बुटका व्हता."

"हाक मारली का?"

"मारली. दोनदा."

"कुनाला?"

कृष्णराजनं तोंड ओंजळीत झाकलं. "तुमालाच. माय म्हनला."

मांडवातल्या बायांनी हंबरडा फोडला. भावकीतली चार माणसं धावून गेली, त्यांना दैवशालानं आडवी होऊन अडवलं. दगडाबाई रडल्या नाहीत. त्यांनी अमरसिंहचा तांब्या उचलला आणि कृष्णराजसमोर बसल्या.

"पी."

"मावशी..."

"पी म्हनते न्हवं? माझ्या लेकाच्या नाकातोंडात गेलंय ते कसं असतं, तुला कळू दे. माझ्या घरचं मीठ वर्षभर खाल्लंस. ह्ये शेवटचं."

त्यानं दोन घोट घेतले आणि तिसऱ्याला तिथंच भडभडून ओकला. हवालदारांनी दंड धरून त्याला उठवलं तेव्हा गिरणीतल्या बायांपैकी एकीचीही मान वर नव्हती.

६

संध्याकाळी मांडव सोडून झाला. अमरसिंह निघता निघता थांबला. "केस तिकडंच चालंल, समुद्राकडं. तारखा पडत राहतील. एवढ्या लांब कोन जानार? वकील बघंल की."

"मी जाणार," दैवशाला म्हणाली. "प्रत्येक तारखेला. रजा संपल्या तर बिनपगारी जाणार. त्यानं मान वर केली की समोर मी दिसले पाहिजे. म्हातारा होईपर्यंत."

"मंग आमच्याच गाडीत बसून जात जा," अमरसिंह म्हणाला. "आन् येताना कॅन भरून आन."

ती आत आली. दुपारचं ताट तसंच झाकलेलं होतं. तिनं चूल पेटवली, आमटी गरम केली, मायसाठीची वेगळी, अळणी. पाट मांडला, ताट ठेवलं. दगडाबाई येऊन बसल्या. त्यांनी ताटाकडं पाहिलं, मग वाटी बाजूला सारली.

"ही नको. त्या भगुन्यातली दे. सगळ्यांची."

दैवशाला पळी हातात धरून वळली. "माय?"

"अशी बघू नको. डाक्टर काय म्हनला व्हता? येती दिवाळी बघायची न्हाय." दगडाबाईंनी भाकरीचा तुकडा मोडला. "त्याचा निकाल लागंपतुर मला जगायचं हाय. वाढ."

ताट वाढताना पहिलं मीठ वाढतात. वर्षभर त्या ताटातली ती जागा रिकामी जात होती. दैवशालानं चिमूटभर मीठ तिथं ठेवलं आणि माय जेवेपर्यंत समोरून हलली नाही.